‘ठिवलं’ आणि ‘न्हाई’ यांच्या मधली जागा

माझ्या कामातल्या माणसाचे कान फार तिखट असणार अशी लोकांची समजूत असते. लग्नाकार्यात भेटलेले पाहुणेसुद्धा माझ्याजवळ उगाच दबक्या आवाजात बोलतात. मी कधी खुलासा करत बसलो नाही. खरं सांगायचं तर माझे कान चारचौघांसारखेच. मी आयुष्यभर आवाज कापला तो डोळ्यांनी. आणि ज्या बाईला तो कानांनी कापता यायचा, तिच्यावर मी सहा वर्षं अगदी मनापासून जळलो.

या अंकाच्या संपादकांनी मला ध्वनिमुद्रणातली वाटचाल लिहायला सांगितली होती. वाटचाल अशी काही नाही. आधी बीडच्या एका दुकानात भजनांच्या कॅसेटी भरून द्यायचो, मग कॉम्प्युटर आला, मग एका संस्थेच्या स्टुडिओत लागलो आणि दोन वर्षांपूर्वी तिथूनच निवृत्त झालो. एवढ्या मजकुरात पान भरत नाही. शिवाय गेली काही वर्षं पोटात एक गोष्ट बसली आहे, ती या निमित्तानं निघाली तर बरं, असा माझा स्वार्थ आहे.

काम काय असतं ते आधी सांगतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाज एका आडव्या पट्ट्यात दिसतो. माणूस बोलला की तिथं डोंगर उठतात, गप्प बसला की सपाट रेघ. आपल्याला जो तुकडा हवा त्याच्या सुरुवातीला माउस दाबायचा आणि शेवटापर्यंत ओढत न्यायचा. तेवढा भाग निळा होतो. खाली तीन चौकटी असतात. पहिलीत तुकडा कुठं सुरू झाला, दुसरीत कुठं संपला, तिसरीत तो किती लांब आहे. मिनिटं, सेकंद आणि सेकंदाचे हजार भाग. मला ती तिसरी चौकट फार आवडायची. माणूस अर्धा तास काहीही बडबडू दे, त्याचा हिशेब तिथं तीन आकड्यांत लागायचा.

कापायचं कुठं, याचेही नियम आहेत. लाट मधल्या रेघेवर आलेली असतानाच कापायचं, नाहीतर जोडाच्या जागी ‘टक्’ असा आवाज येतो. दोन तुकड्यांच्या मध्ये कोरी शांतता टाकायची नाही, ऐकणाऱ्याला वाटतं बंद पडलं. म्हणून प्रत्येक ठिकाणी माणूस बोलायच्या आधी अर्धा मिनिट नुसती तिथली शांतता भरून घ्यायची. घरातली शांतता वेगळी, शेतातली वेगळी. कपिलधारला एका महाराजांचं निरूपण भरायला गेलो होतो, तिथल्या शांततेत धबधबाच धबधबा होता. ती फाईल पडद्यावर उघडली तेव्हा डोंगर नव्हते की दऱ्या नव्हत्या, सगळा एकच जाड पट्टा. डोळ्यांनी कापणाऱ्या माणसाची तिथं काय गत होते ते मी त्या दिवशी पाहिलं. महाराज बोलताहेत आणि मला पडद्यावर ते कुठं दिसेनात.

गिऱ्हाईकं नमुनेदार असायची. संस्थेकडे येण्याआधी माझा स्वतःचा छोटा स्टुडिओ होता, बस स्टँडच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावर. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. तिथं एकदा गेवराईकडचे एक पुढारी आले. एकाच सभेत त्यांचं आणि त्यांच्याच पक्षातल्या दुसऱ्या एका नेत्याचं भाषण झालं होतं. रेकॉर्डिंग पुढं ठेवून म्हणाले, “सर, त्यांना टाळ्या किती अन् आमाला किती, तेवढं मोजून द्या.”

मी निळी पट्टी ओढली. त्या दुसऱ्यांना चौदा सेकंद, ह्यांना नऊ.

“तुमचं मशीन त्या पार्टीचं तर न्हाई ना?” पुढारी म्हणाले. बरोबरचा कार्यकर्ता फिसकन हसला. “गप बे,” ते त्याच्यावर ओरडले आणि माझ्याकडे वळून एकदम नरम आवाजात म्हणाले, “सर, आमाला बी चौदा करा. पंधरा नको. पंधरा केलं तर लोकांना संशय येईल.”

मी केलं. त्यांच्याच टाळ्यांतले पाच सेकंद उचलून मागे चिकटवले. जोड कुठं आहे ते मलाही नंतर सापडेना, इतका साफ. पुढारी खूश होऊन गेले. मी ही गोष्ट पुढं कितीतरी वर्षं हसतहसत लोकांना सांगायचो. दुसऱ्याच्या टाळ्या मोजत बसणारा माणूस, केवढा हा कोतेपणा, असं म्हणायचो. माझ्यावर तीच वेळ यायची होती.

मग मी संस्थेत लागलो. संस्थेचा आठवड्याचा एक कार्यक्रम असे. गावोगावच्या बायकांशी बोलायचं, ते कापून नीट लावायचं आणि फोनवरून सगळीकडे पाठवायचं. काही ग्रामपंचायती तो भोंग्यावर लावायच्या. कार्यक्रमाच्या आधी चाळीस सेकंदांची एक झलक जायची, म्हणजे लोक वाट बघतात. स्टुडिओत मी एकटाच होतो आणि सुखात होतो. मॅडमनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, एक दिवस रेहानाला आणून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. “सर, हिला तयार करा,” म्हणाल्या.

रेहाना बीडचीच. तिशीची असेल. बारावीनंतर कॉम्प्युटरचा कसला तरी कोर्स केलेला. मी तिला शिकवायला म्हणून माझी एक जुनी, हुकमी फाईल लावली. तीच, पुढाऱ्यांच्या टाळ्यांची. ऐकून झाल्यावर ती जरा संकोचून म्हणाली, “सर, ह्यात एकच माणूस दोनदा खोकतोय का?”

मी परत लावलं. खोकत होता. चिकटवलेल्या पाच सेकंदांत तो बरोबर त्याच सुरात पुन्हा खोकत होता. इतकी वर्षं माझ्या कानांवरून तो खोकला गेला होता आणि मी जोडाच्या सफाईच्या बढाया मारत होतो. मी म्हणालो, “हो, ते मुद्दाम ठेवलंय.” कशासाठी मुद्दाम, हे तिनं विचारलं नाही. तिथून माझं पोट दुखायला लागलं.

तिचं काम बघणं हा एक छळच होता. ती पडद्याकडे बघायचीच नाही. हेडफोन लावायची, डोळे मिटायची आणि एका जागी बोट दाबून थांबवायची. मी नंतर, ती चहाला गेली की, ती जागा मोठी करून बघायचो. लाट मधल्या रेघेवर. दर वेळी. एकदा मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, “आत्ता ती बाई थांबली ती किती वेळ?” म्हणाली, “सव्वा सेकंद असंल सर.” मी निळी पट्टी ओढली. एक सेकंद आणि दोनशे साठ हजारांश. मी म्हणालो, “सव्वापेक्षा जास्त आहे.”

“दादीला दमा होता ना सर,” ती म्हणाली. “तिचा एक श्वास झाला की दुसरा येईपर्यंत आमी समदे गप बसायचो. तवापासून सवय लागली मोजायची.”

अशा बोलण्यावर माणसाला माया यावी. मला आली नाही. मला वाटलं, आमच्या घरी कुणाला दमा असता तर. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी डोक्यात आलं ते हेच.

हळूहळू गावातल्या बायकाही फोनवर “रेहानाबाई हायेत का?” असंच विचारू लागल्या. मॅडम पाहुण्यांना स्टुडिओ दाखवायला आणत तेव्हा पहिल्यांदा तिच्या खुर्चीकडे नेत. मग मी काय करायचो? बारीकसारीक दुष्टावे. तिच्या फाईलला मी दुसरं नाव द्यायचो. ती प्रत्येक रेकॉर्डिंगची एक जादा प्रत आपल्याकडच्या कार्डावर ठेवायची, तर “सगळी जागा ही कचऱ्यानं भरते” असं मॅडमच्या कानावर घालायचो. आणि मुख्य तक्रार म्हणजे ती हळू आहे. माझ्या बारा झलका व्हायच्या तेवढ्या वेळात तिच्या तीन व्हायच्या.

हळू का, तर ती वाक्य संपल्यावर लगेच कापायची नाही. पुढं तीन-चार सेकंद ऐकत राहायची. मी एकदा चिडून म्हणालो, “अगं, संपलं ना वाक्य!”

“सर, आपल्याकडं ‘न्हाई’ शेवटाला येतं,” ती म्हणाली. “माणूस आधी समदं बोलून घेतं, मग थांबतं, अन् मग न्हाई म्हणतं. म्हाताऱ्या बायका तर लई थांबतात.”

मी हसलो. आता बघा, मी तीस वर्षं मराठी आवाज कापत होतो. ‘केलं’ आणि ‘केलं नाही’ यांच्यातला फरक वाक्याच्या शेपटात असतो, हे कळायला मला व्याकरणाच्या पुस्तकाची गरज नव्हती. पण हे तिनं सांगावं आणि मी ऐकावं, हे मला झेपेना.

नेकनूरच्या पुढं एक गाव आहे. तिथल्या सोजरबाईंचं रेकॉर्डिंग रेहानानंच केलं होतं. ऐंशीच्या पुढच्या बाई, तोंडात दात नाही, मिसरीची सवय. बोलता बोलता थांबायच्या, हिरड्यांवरून जीभ फिरवायच्या आणि मग पुढचा शब्द. जुन्या टंचाईच्या दिवसांबद्दल छान बोलल्या होत्या. रेकॉर्डिंगनंतर पंधरा दिवसांत त्या गेल्या. मॅडम तेव्हा पुण्याला प्रशिक्षणासाठी गेल्या होत्या. त्यांनी फोनवरून रेहानाला सांगितलं, सोजरबाईंची झलक आधी जाऊ द्या, श्रद्धांजली म्हणून, पूर्ण कार्यक्रम पुढच्या आठवड्यात.

रेहाना हेडफोन लावून बसली. बसली ती बसलीच. मला बघवेना. मी म्हणालो, “दे इकडं. चहा येईपर्यंत करून दाखवतो.”

ती उठली. मी तिच्याच खुर्चीवर बसलो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. किती लांबीची शांतता म्हणजे वाक्य संपलं, ते आपण एकदा सांगायचं, की मग कॉम्प्युटर तशा सगळ्या जागी आपणहून खुणा करतो. मी दोन सेकंद सांगितलं. खुणा झाल्या. दोन खुणांच्या मध्ये निळी पट्टी ओढली आणि तिसऱ्या चौकटीत आकडा आला : बरोबर चाळीस सेकंद. वर एक हजारांशसुद्धा नाही! असा योग आयुष्यात एखाद्या वेळी येतो. मी रेहानाला हाक मारून तो आकडा दाखवला. मग बाकीचं काढून टाकलं, त्याच नावानं फाईल जतन केली आणि पाठवून दिली. पट्टीच्या पुढं काय आहे ते ऐकलं नाही. चहा अजून यायचा होता.

झलकेच्या शेवटी सोजरबाई म्हणत होत्या : “त्या साली ल्योक लांब कामाला गेलता. घरात मूठभर जवारी न्हवती. मी ही अशी तापानं पडलेली. सुनंनं मला एक दिस उपाशी ठिवलं.”

आणि संपलं.

तिसऱ्या दिवशी सोजरबाईंची सून एसटीनं बीडला आली. मंगल तिचं नाव, पन्नाशीची बाई. दारातच उभी राहिली. हातात फोन. आम्ही बसा म्हणालो तरी बसली नाही.

“सायेब, म्या माझ्या सासूला उपाशी ठिवलं, असं तुमी गावाला सांगितलंय,” ती म्हणाली. “भोंग्यावर लावलंय दोनदा.”

मंगल गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. नऊ वर्षं झाली होती. शाळेच्या समितीतल्या एकाच्या भावजयीचा त्या कामावर डोळा होता, त्याला हे आयतंच सापडलं. जी बाई आजारी सासूला उपाशी ठेवते तिच्या हातचं आमच्या लेकरांनी का खावं, असं तो चार लोकांत बोलला. दोन दिवस निम्म्या पोरांनी घरून डबे आणले. शनिवारी समितीची बैठक होती आणि त्यात मंगलला काढायचं ठरल्यासारखंच होतं.

“कामाचं सोडा,” मंगल म्हणाली. “म्हातारी गेली तवा माझ्याच मांडीवर डोकं व्हतं तिचं. ती असं बोलंल कावून? तुमी सांगा, ती बोलली का असं?”

रेहानानं माझ्याकडे बघितलं. मी फाईल उघडली. त्यात चाळीस सेकंदच होते. मूळचं सगळं मीच पुसून वर हे ठेवलं होतं. पाटी पुसून लिहावं तसं.

मंगलला आम्ही बाहेर पाणी दिलं. आत मी रेहानाला हळूच म्हणालो, “दुसऱ्या एखाद्या म्हातारीच्या रेकॉर्डिंगमध्ये ‘न्हाई’ असेलच. ते उचलून लावू. मी असा जोड देतो की कुणाला कळणार नाही.”

“सर,” रेहाना म्हणाली, “ती मेलेली बाई हाय. तिचं ‘न्हाई’ तिचंच पायजे.” आणि तिनं पर्समधून कार्ड काढलं. मी ज्याला कचरा म्हणत होतो, ते. त्यात पूर्ण रेकॉर्डिंग होतं. ‘ठिवलं’नंतर अडीच सेकंद काही नाही. मग “न्हाई.” मग सोजरबाई पुढं म्हणत होत्या, “आपल्या वाटणीची भाकर माझ्या तोंडात घातली अन् आपण पाणी पिऊन निजली.”

ऐकून मी सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. सोडलाही. पण त्याच्या आधी, अगदी आधी, माझ्या मनात आलं : हिच्याकडेच असायचं होतं का ते?

मॅडमचा फोन आला. कुणीतरी त्यांना कळवलं होतं. झलकेचं काम रेहानाचं, झलक तिच्याच कॉम्प्युटरवरून गेलेली. मॅडम माझ्याशीच बोलल्या. “रेहानाकडून असं होईल वाटलं नव्हतं,” म्हणाल्या. मी म्हणालो, “बघतो मी.” एवढंच. खोटं एक अक्षर बोललो नाही, असं मी स्वतःला कितीतरी दिवस समजावत होतो.

शनिवारी आम्ही दोघं त्या गावाला गेलो. शाळेच्या एका वर्गात समिती बसली होती. मुख्याध्यापक, अध्यक्ष, पाच-सहा पालक, आणि दाराबाहेर बरंच गाव. मंगल फळ्याजवळ उभी होती. तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. रेहानानं लॅपटॉप परिपाठाच्या स्पीकरला जोडला आणि म्हणाली, “आमच्याकडून वाक्य अर्धं गेलंय. पूर्ण ऐका.”

सोजरबाईंचा आवाज आला. लेक लांब गेलता, जवारी न्हवती, तापानं पडलेली. “सुनंनं मला एक दिस उपाशी ठिवलं…” बाहेर कुणीतरी पुटपुटलं, “हेच की.” रेहानानं हात वर केला. अडीच सेकंद म्हणजे किती असतात, हे मला त्या वर्गात कळलं. पडद्यावर ते दोन बोटं रुंद असतात. तिथं ते संपता संपेनात. मंगल खाली बघत होती.

“न्हाई,” सोजरबाई म्हणाल्या.

भाकरीचं वाक्य झालं तेव्हा मंगलनं तोंडाला पदर लावला. दारातल्या एक म्हाताऱ्या बाई मोठ्यानं म्हणाल्या, “सोजरा असंच थांबून थांबून बोलायची. आपल्याला म्हाईत असून बी आपण बोललो.” मुख्याध्यापकांनी मंगलला आपली खुर्ची दिली. पण तो समितीतला गृहस्थ सहजासहजी गप्प बसणारा नव्हता. “मंग अर्धं कापलं कुणी?” त्यानं विचारलं. “का हे पूर्ण केलेलंच आत्ता बनवून आणलंय? मंगलनंच सांगून केलं असंल.”

सगळे आमच्याकडे बघू लागले. नंतर मंगलकडे. ती नुकतीच बसली होती, ती परत उठली. रेहाना माझ्याकडे बघत होती. मला फक्त एक अक्षर बोलायचं होतं. माझी जीभ टाळूला चिकटली, असं म्हणणं सोपं आहे. खरं ते असं, की रेहानासमोर आणि त्या सगळ्यांसमोर मी तिच्याहून कमी आहे हे माझ्याच तोंडून यावं, हे मला मान्य नव्हतं.

“माझ्याकडनं झालं,” रेहाना म्हणाली. “घाईत कापलं. ह्या ताईंचा काय संबंध न्हाई. मी माफी मागते.”

मंगल चालत आली आणि तिनं रेहानाचे दोन्ही हात धरले. म्हणाली, “चुकतं बाई माणूस. तुमी आला तरी. दुसरं कोण आलं असतं?” मी शेजारी बसून लॅपटॉपची वायर गुंडाळत होतो. आणि वाचकहो, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो. मला हेवा वाटला. चूक माझी होती, आणि त्या चुकीला मिळालेली मायासुद्धा ती घेऊन चालली होती.

परत येताना एसटीत आम्ही शेजारीशेजारी होतो. मी म्हणालो, “तू कशाला आपल्या अंगावर घेतलंस?”

“ती बाई उभी होती सर,” रेहाना म्हणाली. “कुणी तरी बोलायला पायजे होतं.”

“मॅडमना मी सांगतो खरं काय ते.”

“सांगा,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

मी सांगितलं नाही. मॅडम आल्या, त्यांनी रेहानाकडून झलका काढून घेतल्या, मग कापण्याचं कामच काढून घेतलं आणि तिला गावोगाव जाऊन नुसतं भरून आणायला लावलं. दर सोमवारी ती कार्ड माझ्या टेबलावर ठेवायची. एकदाही तिनं विचारलं नाही, सांगितलं का म्हणून. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी मनाशी म्हणायचो. वर्षभरानं ती संभाजीनगरला एका मोठ्या स्टुडिओत गेली. तिथं तिचं नाव झालं. बोलती पुस्तकं तयार करतात तिथं ती सगळ्यात वरची आहे, असं कानावर येतं तेव्हा माझं पोट अजून दुखतं. निवृत्तीच्या समारंभात मॅडमनी माझ्या अचूकपणाबद्दल भाषण केलं. टाळ्या बऱ्याच वाजल्या. मी त्या मोजल्या नाहीत, एवढं एक मात्र बरं केलं.

गेल्या महिन्यात मी उठून त्या गावाला गेलो. एकटाच. मधली सुट्टी होती. मंगल शाळेच्या पडवीत पोरांना वाढत होती. आता केस पुरते पांढरे झालेत. मी ओळख दिली, बीडच्या रेकॉर्डिंगवाल्यांपैकी मी एक. तिचा चेहरा खुलला. “रेहानाबाई बऱ्या हायेत ना?” तिनं पहिलं हेच विचारलं. “दर दिवाळीला फोन असतो त्यांचा. अन् ईदला माझा.” मग मला बाकावर बसवलं, ताटलीत गरम खिचडी वाढली, वर लिंबाची फोड ठेवली. “खावा. पोरं पोटभर खात्यात बघा माझ्या हातचं.”

मी ताटली हातात धरून म्हणालो, “मंगलताई, ते वाक्य रेहानानं नव्हतं कापलं. मी कापलं होतं.”

मंगल पळी हातात धरून उभी राहिली. एक पोरगी ताटली पुढं करून वाट बघत होती, तिला वाढलं. मग माझ्याकडे बघून ती आठवू लागली. आवाज चढलेला नव्हता.

“पर त्या दिशी तुमी तर तिथंच बसला व्हता.”

मी म्हणालो, “हो.”